तळजाईच्या वाटेवरची आंबील: दीड वर्ष पिऊन झाल्यावर

पुण्यात तळजाईच्या टेकडीवरच्या जंगलातून सहकारनगरच्या बाजूला उतरलं की रस्त्याच्या कडेला एक ताई आंबील, म्हणजे नाचणीच्या पिठाची ताक घातलेली पेज, विकतात. एक घडीचं टेबल, झाकण घातलेली दोन मोठी पातेली, शेजारी मोड आलेल्या मुगाचा डबा, आणि थंडीत बुधवारी-शनिवारी कुळथाचं कढण. सकाळी साडेपाच ते साडेआठ, सोमवारी बंद. आंबील २० रुपये, कढण २५. पाटी नाही, गाडीला नाव नाही. मी इथे दीड वर्ष आठवड्यातून पाच दिवस जाते आहे, म्हणून जे लिहिते ते एका ग्लासावरून नाही.

मी कोण, ते आधी सांगते, कारण त्याशिवाय मी आंबिलीकडे एवढं निरखून का पाहते ते कळायचं नाही. मी ३१ वर्षं एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, सूक्ष्मजीवशास्त्र विभागात तंत्रज्ञ होते. रोज सकाळी स्टूल कल्चरचे, म्हणजे शौचातले जंतू वाढवून तपासायचे, नमुने यायचे. प्लेटवर लावायचे, सदतीस अंशांना रात्रभर ठेवायचे, दुसऱ्या दिवशी उघडून बघायचं: सालमोनेला आहे का, शिगेला आहे का, साथीच्या दिवसांत कॉलरा आहे का. यातलं काही नसलं की रजिस्टरमध्ये ‘नॉर्मल फ्लोरा’, म्हणजे नेहमीचेच जिवाणू, असं लिहायचं आणि प्लेट वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये टाकायची. हे दोन शब्द मी किती हजार वेळा लिहिले असतील! आणि आतड्यातले बहुसंख्य जीव तर त्या प्लेटवर उगवतच नसत. त्यांना प्राणवायू सोसत नाही, आमच्या साध्या इन्क्युबेटरमध्ये ते मरून जात. ज्यांची दखल आम्ही दोन शब्दांत संपवत होतो, त्यांची संख्या २०१६ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी नव्याने मोजली. ७० किलोच्या माणसाच्या शरीरात जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी, आणि त्याच्या स्वतःच्या पेशी ३० लाख कोटी. सगळ्या जिवाणूंचं मिळून वजन पाव किलोच्याही आत. हा आकडा मी निवृत्तीनंतर वाचला आणि त्या दिवशी मला माझी सगळी रजिस्टरं आठवली.

आता माझ्या पोटाची गोष्ट. २०२३ च्या दिवाळीआधी पायाला जंतुसंसर्ग झाला. पाय सुजून लालबुंद, ताप. अँटिबायोटिकचे एकापाठोपाठ तीन कोर्स झाले. ते आवश्यकच होते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पाय वाचला. पण त्यानंतर पोट जे बिघडलं ते महिनोन् महिने. सकाळी तीनदा जावं लागायचं, दुपारी पोट फुगायचं, जेवणाची भीती बसली. एस.टी.ने सातारला बहिणीकडे जायचं म्हटलं तरी आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, त्यात वाईट काही निघालं नाही.

मुलगा परगावी असतो. त्याला काळजी. त्याने आतड्यातल्या जिवाणूंची तपासणी करणारा एक संच मागवून दिला, सोबत तीन महिन्यांच्या प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सुल. सगळं मिळून साडेतेरा हजार रुपये. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. नमुना पाठवला, पाच आठवड्यांनी चाळीस पानांचा रंगीत अहवाल आला. शंभरपैकी ४३ गुण, आणि ‘प्रेव्होटेला फार जास्त’ असं लाल चौकटीत. मी फोन करून विचारलं की हे जास्त म्हणजे कोणाच्या तुलनेत? तुमच्याकडे तुलनेला माणसं कुठली आहेत? पलीकडच्या मुलीला उत्तर देता येईना. शेवटी म्हणाली, मॅम, तुम्ही आमची फायबर पावडर सुरू करा.

हे मला लागलं. कारण प्रेव्होटेला हा धान्य-कडधान्य खाणाऱ्यांच्या पोटात भरपूर सापडणारा जीव आहे. २०१९ साली भोपाळच्या संशोधकांनी भोपाळकडच्या आणि केरळातल्या मिळून ११० निरोगी भारतीयांची तपासणी प्रसिद्ध केली. भोपाळकडच्या, मुख्यतः शाकाहारी लोकांमध्ये प्रेव्होटेलाचंच राज्य होतं; केरळात, जिथे भात, मासे, मांस असा आहार, तिथे चित्र वेगळं. म्हणजे जन्मभर भाकरी-आमटी खाल्लेल्या बाईच्या पोटात जे असायला हवं, तेच तिला लाल चौकटीत दाखवून घाबरवायचं. एवढा पैसा घेता तर निदान आपल्या माणसांशी तुलना करा. हे मी त्यांनाही लेखी कळवलं आहे.

कॅप्सुल मी सहा आठवडे घेतल्या आणि सोडल्या. त्याच सुमारास २०१८ चा एक प्रयोग वाचनात आला, तोही वाइझमन संस्थेतलाच. अँटिबायोटिक दिल्यानंतर काही जणांना अकरा प्रकारच्या जिवाणूंची प्रोबायोटिक दिली, काहींना काहीच दिलं नाही. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचे मूळचे जिवाणू लवकर परतले, कॅप्सुलवाल्यांचे रेंगाळले. प्रयोग लहान होता, आणि त्यावरून प्रोबायोटिक निरुपयोगी असं कोणी म्हणू नये. काही आजारांत डॉक्टर ती मुद्दाम देतात, तेव्हा घ्यावीतच. पण माझ्या घरी डबा होता म्हणून मी घेत होते, त्याला काही आधार नव्हता.

डॉक्टरांनी मग साधं सांगितलं: चालायला लागा, आणि पोटाला घाबरून पांढरा भात आणि टोस्टवर राहू नका. हळूहळू भाकरी, डाळ, भाज्या वाढवा. तेव्हापासून तळजाई सुरू झाली, आणि तिथे त्या ताई भेटल्या.

पहिल्या दिवशी मी आंबील प्यायले नाही. नुसतीच बघत उभी राहिले. पातेली स्टीलची आहेत, जर्मनची (ॲल्युमिनियमची) नाहीत, हे आधी पाहिलं. आंबट पदार्थ जर्मनच्या भांड्यात रात्रभर ठेवलेला मला चालत नाही. मग विचारलं, ‘ताई, ताक कधी घालता?’

माझ्या दृष्टीने सगळी आंबील या एका प्रश्नावर उभी आहे. नाचणीचं पीठ रात्री भिजवून ठेवलं की ते आंबतं, म्हणजे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू त्यात वाढतात. पण सकाळी तेच पीठ आधणात सोडून शिजवलं की ते सगळे मरतात. आंबवण्याचा फायदा तरीही राहतो. नाचणीत फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते कमी होतं, आणि त्याने अडवून धरलेलं लोह आणि कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. जिवंत जिवाणू मात्र पोटात जायचे तर ते नंतर घातलेल्या ताकातूनच. आणि ताक गरम आंबिलीत ओतलं तर तेही गेलं.

ताई म्हणाल्या, ‘काकू, उकळत्यात घातलं तर फाटतं की ते. निवू द्यावं लागतं. आमच्या सासूबाई पातेल्याला हात लावून बघायच्या. हाताला सोसलं की मगच ताक.’

हाताला सोसेल इतकं म्हणजे चाळीस-पंचेचाळीस अंश. इतक्या तापमानाला ताकातले जिवाणू तगतात. साठच्या पुढे त्यांतले फारसे उरत नाहीत. मी प्रयोगशाळेत थर्मामीटर लावून जे केलं ते त्यांच्या सासूबाई तळहाताने करत होत्या. त्याच दिवशी मी पहिला ग्लास घेतला.

मूळच्या त्या भोरकडच्या. नाचणी घरच्या शेतातली येते, डोंगरउतारावरची. पीठ रात्री नऊला ताकाच्या पाण्यात भिजवतात. पहाटे साडेतीनला आधण ठेवतात, त्यात जिरं, ठेचलेला लसूण, मीठ. मग भिजवलेलं पीठ एका हाताने धारेने सोडायचं आणि दुसऱ्या हाताने रवी फिरवत राहायची, गुठळी होऊ द्यायची नाही. दीड वर्षात माझ्या ग्लासात एकदाच गुठळी आली, त्या दिवशी त्यांच्या जागी त्यांचा मुलगा होता. रंग फिकट तांबूस, चॉकलेटी नाही. वर कोथिंबीर. चव आंबूस, आधी लसूण लागतो, मग नाचणीचा तो भाजक्या मातीसारखा वास. घोट घशातून खाली जाताना अंगाला लागतो, ताकासारखी पाणचट नाही. एकदा मी घरी बाटलीत नेऊन आंबटपणा मोजणारी पीएचची पट्टी बुडवून पाहिली: साडेचारच्या आसपास. चांगल्या ताकाएवढी.

त्यांचं ताकही मी तपासून पाहिलं आहे. नोकरीत असताना नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅम स्टेन (जिवाणू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची पद्धत) शिकवायचा झाला की मी पहिली काच दह्याची करायला लावायचे. दह्याचा ठिपका, जांभळा रंग, आयोडीन, स्पिरिट, लाल रंग, धुवायचं, तेल टाकून लेन्स खाली आणायची. आणि मग दिसायचं: गर्द जांभळ्या कांड्या, काही एकेकट्या, काही जोडीने, आणि त्यांच्यामधून जांभळ्या मण्यांच्या माळा. मुलं म्हणायची, मॅडम, हे आपण रोज खातो? ताईंच्या ताकाची काच मी जुन्या मैत्रिणीच्या लॅबमध्ये करून पाहिली. त्याच कांड्या, त्याच माळा. खूप दिवसांनी माहेरचं कोणी भेटावं तसं वाटलं.

आता यातून पोटाला नक्की काय मिळतं? एका ग्लासात साधारण ३० ग्रॅम पीठ जात असेल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम नाचणीत ११ ग्रॅम तंतू आहेत, ज्वारीत १०, आणि पांढऱ्या तांदळात ३ च्याही आत. म्हणजे ग्लासामागे जेमतेम तीन-सव्वातीन ग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ सांगते. बाकीचे २२ घरूनच यायला हवेत: ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, घेवडा, मेथी, पेरू. आपल्याला न पचणारे हे तंतू मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू ते खाऊन ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. म्हणजे मी सहा महिने जी भात-टोस्टवर राहत होते, ती पोटाला विश्रांती देते आहे असं समजत होते, आणि खरं तर आतल्यांना उपाशी ठेवत होते.

आंबवलेल्या पदार्थांचं वेगळं. २०२१ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला ३६ निरोगी लोकांना दहा आठवडे दोन गटांत ठेवलं. एकाला तंतू जास्त, दुसऱ्याला दही, केफिर (आंबवलेलं दूध), आंबवलेल्या भाज्या जास्त. दुसऱ्या गटात जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिनं उतरली. तंतूंच्या गटात विविधता तेवढ्या काळात वाढली नाही. पण त्या लोकांनी दिवसाला सरासरी सहा वेळा आंबवलेलं खाल्लं होतं. तळजाईच्या एका ग्लासावर तेवढी आशा ठेवू नये. मी दुपारी घरचं ताक घेते, रविवारी इडली किंवा आंबोळी करते (त्यातले जिवाणू शिजताना जातात हे धरूनच), थंडीत गाजराची कांजी घालते.

टेकडीचं मात्र मला खरंच नवल वाटलं. चालण्याने पोट साफ होतं हे आई-आजी सांगायच्या. पण चालण्याने आतले जिवाणूही बदलतात, तेही आहार तोच ठेवून, हे २०१८ साली इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगात दिसलं. बैठं काम करणारी ३२ माणसं. सहा आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, अर्ध्या तासापासून एक तासापर्यंत घाम येईल असा व्यायाम. जेवणात बदल नाही. ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू वाढले, सडपातळ माणसांत जास्त, स्थूल माणसांत कमी. मग त्यांना सहा आठवडे पुन्हा बसवून ठेवलं, आणि झालेला बदल बहुतेक ओसरला.

हे शेवटचं वाक्य मी माझ्या अंगावर अनुभवलं. गेल्या वर्षी जुलैत ताई लावणीसाठी गावी गेल्या, वाट चिखलाने घसरडी झाली, मी घरीच बसले. भाकरी चालू होती, ताक चालू होतं. तरी पाचव्या आठवड्यात दुपारचं फुगणं परत आलं. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा टेकडी सुरू केली, गणपतीच्या सुमाराला पोट जागेवर आलं. एका बाईच्या पोटावरून सिद्धांत होत नाही, हे मला कोणी सांगायला नको. माझं पोट आंबिलीनेच बरं झालं असंही मी म्हणणार नाही. चालणं, भाकरी, आणि मधे गेलेला काळ, सगळ्यांचाच हात आहे. पण ही गाडी टेकडीच्या पायथ्याला आहे, आणि ग्लास घ्यायचा तर आधी चढून उतरावं लागतं, हे मला मोलाचं वाटतं. ग्लिरिसिडियाच्या झाडांच्या सावलीतून चालत, कुठेतरी मोर ओरडतो आहे, पावणेसात वाजलेत, आणि खाली कोणीतरी झाकण उघडून वाट बघतं आहे. कॅप्सुलच्या डब्याने मला एकदाही घराबाहेर काढलं नव्हतं.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. ग्लास स्टीलचे आहेत, ते चांगलं, पण एकाच बादलीत बुचकळून पुढच्याला दिले जात. गर्दीच्या वेळी सात वाजेपर्यंत ते पाणी गढूळ झालेलं असायचं. मी हे त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही; दुसऱ्या आठवड्यात नळाचं पिंप आणलं आणि आता वाहत्या पाण्याखाली धुतात. तरी मी माझा ग्लास पिशवीत नेते, तुम्हीही न्या. मीठ जास्त असतं. रक्तदाबवाल्यांनी आधी सांगावं. दुसऱ्या पातेल्यात त्या कमी मिठाची ठेवतात, पण आपणहून सांगत नाहीत. मोड आलेले मूग कच्चे देतात, आणि ते मी कोणालाही सुचवणार नाही. ज्या ऊबेत आणि ओलाव्यात मोड येतात त्यातच नको ते जंतूही वाढतात. मूग घरी नेऊन वाफवून खावेत. उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, साडेसातनंतरची आंबील फार आंबट होते. ती लवकरच घ्यावी.

आणि ज्यांची भाकरी-कडधान्यं वर्षानुवर्षं सुटली आहेत त्यांनी पहिल्याच दिवशी दोन ग्लास आणि दुपारी उसळ असं करू नये. पोट गुडगुडणार, वारा धरणार. मी पहिला आठवडा अर्धाच ग्लास घेत होते. पोटात सतत दुखत असेल, वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल तर आंबील नाही, डॉक्टर.

कुळथाचं कढण चांगलं आहे, पण त्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करावी इतकं नाही. गूळ घातलेली आंबील मुलांसाठी ठेवतात. माझ्या नातीला आवडली, मला नाही.

मी साधारण पावणेसातला खाली येते. तेव्हा पहिलं पातेलं संपत आलेलं असतं आणि तळाशी दाट आंबील उरलेली असते, लसूण सगळा तिथे उतरलेला. ती बहुतेक लोक नको म्हणतात, ताई त्यात ताक घालून पातळ करतात. पातळ करायच्या आधी मागून घ्या.